यादीतली दुसरी ओळ

१

सोमवारी सकाळी दहाला पाच कमी असताना दादाने मला हाक मारली, आणि त्या हाकेवरूनच मला कळलं की काहीतरी बिनसलंय. दादा कधी आवाज चढवत नाही. अंधांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या आमच्या वाचनालयात मी ग्रंथपाल, तो ध्वनिसंपादक. दिवसभर दुसऱ्यांचे आवाज ऐकतो, स्वतःचा जपून वापरतो.

"बाई, कॉम्प्युटर बोलत नाहीये."

दादाला नवव्या वर्षापासून दिसत नाही. त्याचा सगळा कारभार कानावर. सकाळी तो बटण दाबतो, मनात आकडे मोजतो, आणि थोड्या वेळाने कॉम्प्युटरमधला आवाज "तयार" म्हणतो. मग कोणती फाईल, कोणता शब्द, सगळं तो आवाजच सांगतो. पडदा आहे, पण तो कायम बंद. त्याचा उपयोग एवढाच, की मी त्याच्यावर चष्म्याचं घर ठेवते.

मी चष्म्याचं घर उचललं आणि पडदा सुरू केला. निळीशार पाटी. मधोमध एक चौकट, तिच्यात पासवर्ड मागितलेला. बस्स. आमची एकही फाईल नाही, एकाही पुस्तकाचं नाव नाही.

"काय दिसतंय?" दादाने विचारलं.

"काहीच नाही रे."

मागच्या वर्षापर्यंतची पुस्तकं डिस्कवर उतरवून कपाटात ठेवलेली होती. पण या वर्षीची नऊ पुस्तकं फक्त या कॉम्प्युटरमध्ये होती, आणि आक्का वाचत असलेल्या कादंबरीचे चौदा अध्यायही. आक्का म्हणजे आमच्या सगळ्यात जुन्या वाचक. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, बावीस वर्षं आमच्यासाठी वाचणाऱ्या. गेले काही दिवस त्यांचा घसा बसला होता, सर्दी आहे म्हणायच्या. शनिवारी संध्याकाळी त्यांचा दोन ओळींचा निरोप आला होता: लेकीकडे जातेय, यायला महिना-दीड महिना लागेल.

दादाने टेबलाची कड घट्ट धरली. "बाई, आक्कांची कादंबरी गेली का हो?"

अशी आपोआप काही कोरी पाटी होत नाही. हे कुणीतरी केलं होतं.

२

आमचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बाई बाजाराच्या जिन्याखाली बसते. तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांचा बारीक चिमटा ती केसांच्या अंबाड्यात खोचून फिरते, म्हणून सगळे तिला चिमटाच म्हणतात. तिलाही ते आवडतं. वयाने माझ्या लेकीएवढी, पण बोलणं मोजकं.

ती आली, तिने माझं रामायण ऐकून घेतलं आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. "आता पडद्याकडे बघा, बाई. काय येतंय?"

काळ्या पडद्यावर दोन ओळींची एक यादी आली. वरच्या ओळीत नेहमीच्या यंत्रणेचं नाव. खालच्या ओळीत रोमन अक्षरांत एकच शब्द: सराव. खालची ओळ उजळलेली होती, आणि शेजारी आकडे उलटे धावत होते. दहा, नऊ, आठ...

चिमटाने वरचा बाण दाबला आणि मग मोठी कळ. अर्ध्या मिनिटाने खोलीत आवाज उमटला: "तयार."

दादा खुर्चीतून उठलाच. मग बसला आणि भराभर कळा दाबत सुटला. नऊच्या नऊ पुस्तकं होती. चौदाच्या चौदा अध्याय होते. मी चिमटाचा हात धरला आणि सोडायलाच विसरले.

"काही गेलेलं नाही," ती म्हणाली. "एकाच कॉम्प्युटरमध्ये दोन घरं झालीत. सुरू करताना तो विचारतो, कुठल्या घरात जाऊ? दहा सेकंदांत कुणी काही सांगितलं नाही, तर ठरवून दिलेल्या घरात जातो. आज तो खालच्या घरात गेला, आणि तिथे ना तुमची पुस्तकं, ना दादांचा बोलणारा आवाज."

दादा एकदम म्हणाला, "दहा सेकंद? थांब. मी चाळीस मोजले की तो 'तयार' म्हणायचा. गेल्या तीन आठवड्यांपासून पन्नास मोजावे लागतात. एका मंगळवारी दुपारी पहिल्यांदा लक्षात आलं. मला वाटलं, म्हातारा झाला बिचारा."

"म्हणजे ही यादी तीन आठवडे इथे आहे," चिमटा म्हणाली, "आणि बंद पडद्यामुळे कुणाला दिसलीच नाही."

"ती ओळ काढून टाक ना," दादा म्हणाला. "मला दिसत नाही, ती बोलत नाही. उद्या पुन्हा असं झालं तर मी कुणाच्या नावाने हाका मारू?"

मी आमच्या अध्यक्षांना फोन लावला. ते ऐकूनच भडकले. "ओळ काढा आणि तिच्यामागे जे काही असेल ते सगळं पुसून टाका. आज पाचच्या आत. मला पाच वाजता फोन करून सांगा."

चिमटाने अंबाड्यातला चिमटा काढला, बोटांत फिरवला. "ओळ काढणं दोन मिनिटांचं काम आहे, बाई. पण ओळ म्हणजे नुसती दारावरची पाटी. पाटी काढली तरी खोली राहते. खोली पुसायची, तर ते कायमचं." ती पडद्याकडे बघत राहिली. "आणि ही खोली रिकामी नाहीये. कुणीतरी हिच्यात तीन आठवडे रोज काहीतरी आणून ठेवलंय."

३

ध्वनिखोलीची किल्ली कचेरीतल्या खुंटीवर असते. ती घेणारे मोजके: मी, दादा, आक्का, आमचे कारकून अण्णा आणि आमचे दुसरे वाचक, कंडक्टर. दादा दुपारी एक वाजता कॉम्प्युटर बंद करून घरी जेवायला जातो, दोनला येतो. जे घडलं ते त्या तासाभरातच घडणार.

अण्णांना ती खोली कधीची हवी होती. त्यांच्या फायली व्हरांड्यात धूळ खात होत्या आणि ते मला दर आठवड्याला त्याची आठवण करून देत. मी त्यांना समोर बसवलं. चिमटा खिडकीपाशी उभी राहिली.

"अण्णा, खरं सांगा. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही त्या खोलीत जाता?"

अण्णांचे कान लाल झाले. "जायचो. पत्ते खेळायला. म्हणजे कॉम्प्युटरवर. पडदा तेवढ्यापुरता सुरू करायचो, निघताना बंद करायचो. पण गेले तीन आठवडे नाही हो. दार आतून बंद असतं."

"आतून बंद? मग मला सांगितलं का नाही?"

"सांगणार कसं? मला वाटलं, तुम्हीच आत डुलकी काढताय."

चिमटा खोकली. ते हसू होतं, हे मला नंतर कळलं. तिने विचारलं, "तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी, बाहेरचं कुणी आलं होतं?"

अण्णांनी भेटीची वही उघडली. "एकच नाव आहे. कंडक्टरांची सून. सासऱ्यांचं वाचन ऐकायला आली होती. इस्पितळात कामाला असते ती."

त्यांचं बोलणं संपतं न संपतं तोच कंडक्टर दारात. आठ वर्षांपूर्वी निवृत्त झाले, पण बस अंगातून उतरलेली नाही. रहस्यकथा वाचतात तेही "पुढे सरका" म्हटल्याच्या सुरात. खिशात तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच असतो; विचारात पडले की तो दाबत बसतात, टिक टिक, टिक टिक. दादा वाचनाच्या वेळी तो काढून घ्यायचा. आक्कांचं आणि त्यांचं मुळीच पटत नसे. त्या त्यांच्या वाचनाला "थांब्यावरची घोषणा" म्हणायच्या.

"काय झालं? सगळे असे का उभे?" त्यांनी विचारलं.

"सकाळी दादाचा कॉम्प्युटर बोलत नव्हता," मी म्हणाले.

"मग वरचं घ्यायचं होतं ना!"

"वरचं म्हणजे?" चिमटाने विचारलं.

कंडक्टर गडबडले. "म्हणजे वरच्याचं नाव घ्यायचं होतं, म्हणालो. देवाचं." आणि खिशात पंच वाजायला लागला. "तुम्ही ते दुरुस्त करून घ्या, पण पुसू नका हं काही. उगाच घाई नको. गुरुवारपर्यंत थांबा."

"गुरुवारी काय आहे?"

"काही नाही. गुरुवार आपला चांगला वार." आणि ते वळून चालू लागले. जिन्यावरून टिक टिक उतरत गेली.

मी चिमटाकडे पाहिलं. तीन वाजत आले होते.

४

"दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायला मला आवडत नाही," चिमटा ध्वनिखोलीत आल्यावर म्हणाली. "पण पाच वाजता पुसायचंच असेल, तर काय पुसतोय ते एकदा बघायला हवं. दारावर पासवर्ड आहे, पण आपल्या घराच्या खिडकीतून त्या घरात डोकावता येतं."

तिने वरच्या घरातूनच खालचं घर उघडलं. आत एकच कप्पा. त्यात आवाजाच्या बारीक बारीक फायली, प्रत्येक तीन-चार सेकंदांची. नावं नाहीत, नुसते आकडे. एक ते पंधराशे त्र्याहत्तर.

"लाव एक," दादा म्हणाला.

तिने पहिली लावली. त्या खोलीत शेकडो वेळा ऐकलेला आवाज आला, पण आम्ही कधीच न ऐकलेल्या सुरात, सहज, घरगुती.

"मला थोडं पाणी देतेस?"

आक्का! दादाने मान वर केली. चिमटाने मधली एक लावली. "दार वाजतंय, बघ कोण आलंय." आणखी एक. "नको, मी बरी आहे." आणखी एक. "बाळा, जेवलास का?"

"ही कुठल्या पुस्तकातली वाक्यं?" मी विचारलं.

"कुठल्याच नाही," दादा म्हणाला. त्याच्या कपाळावर आठी पडली होती. "शेवटची लाव."

पंधराशे त्र्याहत्तर. आधी घासलेला श्वास. मग फाटक्या कापडासारखा आवाज, प्रत्येक अक्षराला अडखळणारा: "आज ऊन छान पडलंय." त्यानंतर काहीतरी पडल्यासारखा धप्प आवाज, आणि फाईल संपली.



"पुन्हा लाव," दादा हलक्या आवाजात म्हणाला. त्याने कानांवर हेडफोन चढवला, डोळे मिटले. तीनदा ऐकलं. मग हेडफोन उतरवून माझ्याकडे तोंड केलं.

"बाई, आक्का एकट्या नव्हत्या. मागे कुणीतरी पंच वाजवतंय."

५

कंडक्टरांना अण्णांनी बसथांब्यावरून परत आणलं. ते आले आणि दाराशीच उभे राहिले.

"बसा, काका," चिमटा म्हणाली. इतकी सलग बोलताना मी तिला त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं. "मी सांगते, चुकलं तर थांबवा. तीन आठवड्यांपूर्वी मंगळवारी तुमच्या सूनबाई आल्या. त्यांनी इथे दुसरं घर बसवलं. चोरी करणाऱ्याने, खोडी काढणाऱ्याने दादांच्या कामाची फिकीर केली नसती. पण इथे यादी दहाच सेकंद थांबेल आणि मग आपोआप दादांच्याच घरात जाईल, अशी सोय केली होती. म्हणजे करणाऱ्याला दादांना त्रास द्यायचा नव्हता. रोज दुपारी आक्का आणि तुम्ही दार आतून लावून बसायचात. मघाशी बाई तुम्हाला फक्त एवढंच म्हणाल्या, की कॉम्प्युटर बोलत नव्हता. ओळी दोन आहेत आणि त्यातली वरची घ्यायची, हे यादी पाहिलेल्या माणसालाच ठाऊक असणार."

टिक टिक थांबली होती.

"राहिली वाक्यं. पाणी दे. दार वाजतंय. जेवलास का. ही वाक्यं माणूस रोज बोलतो, ती कुणी साठवून ठेवत नाही. कधी ठेवेल?" तिने माझ्याकडे पाहिलं. "पुढे ती बोलता येणार नाहीत, हे कळलं तरच."

कंडक्टर खाली बसले. एवढा दांडगा माणूस, पण आवाज चिमणीएवढा झाला. "शपथ घातली होती हो तिने मला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. आक्कांच्या घशात गाठ होती. ऑपरेशनमध्ये आवाजाची पेटीच काढावी लागणार होती. योगायोगाने इस्पितळात त्यांना भेटली ती कंडक्टरांची सून. वाचा गेलेल्यांना पुन्हा संवाद करायला शिकवणं हेच तिचं काम. ठरावीक सोळाशे वाक्यं आधी बोलून ठेवली, तर त्यांवरून कॉम्प्युटर त्या माणसाचा आवाज घडवतो. मग टाइप करायचं, आणि यंत्र आपल्याच आवाजात बोलतं. त्याला लागणारी यंत्रणा वेगळी, आणि शांत खोली एकच. आमची.

"पण बावीस वर्षांची पुस्तकं आहेत की आमच्याकडे!" मी म्हणाले. "त्यांतून नसता झाला आवाज?"

"मीपण हेच म्हणालो. तर म्हणते, पुस्तकातला आवाज पुस्तकाचा. मला नातवाला हाक मारायचा आवाज हवाय."

"मग आम्हाला का नाही सांगितलं?"

"म्हणाली, तोंडातून शब्द निघतोय तोवर मला कुणी बिचारी म्हणायचं नाही. मी तर तिचा वैरी, मला सांगायला हरकत नव्हती." कंडक्टर हसायला गेले, ते जमलं नाही. "शेवटी शेवटी तिचे हात थरथरायचे. मी दाराला कडी घालत असायचो, तिच्याने दहा सेकंदांत कळ दाबली जायची नाही आणि दादाचं घर उघडून मोठ्याने 'तयार' म्हणायचं. शनिवारी वाचनालय एकलाच बंद झालं, तेव्हा मी सुनेला फोनवर विचारून ते उलटं करून ठेवलं, आपोआप खालचं उघडेल असं. जाताना सरळ करणार होतो. पण ती बोलता बोलता कोसळली. मी कॉम्प्युटर बंद केला, तिला उचललं आणि रिक्षा शोधत धावलो. इस्पितळात शुद्धीवर आल्यावर तिने तुम्हाला निरोप टाकायला लावला. काल सकाळी ऑपरेशन झालं. आता ती जे काही बोलणार, ते या पेटीत आहे तेवढंच. सून परगावी गेलीय, गुरुवारी येऊन नेणार होती. आज सकाळी लवकर येऊन यादी सरळ करणार होतो, पण इस्पितळातून निघताच आलं नाही."

घड्याळात सव्वाचार झाले होते. पाऊण तासाने मी स्वतः ते सगळं पुसायला सांगणार होते. दादा हात पुढे करून चाचपडत गेला, कंडक्टरांचा खांदा सापडल्यावर तिथेच हात ठेवून उभा राहिला.

"दादा, सकाळी मी तुझा जीव टांगणीला लावला रे," कंडक्टर म्हणाले.

"काका," दादा म्हणाला, "तुम्ही तीन आठवडे जेवला नाहीत दुपारचे. आधी काहीतरी खा."

६

चिमटाने पंधराशे त्र्याहत्तर फायली तीन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवल्या आणि प्रत्येक डिस्क उघडून, मोजून खात्री केली. मगच तिने सुरुवातीच्या यादीची खिडकी उघडली, खालची ओळ निवडली आणि काढून टाकली. खोली तशीच ठेवली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. यादी आलीच नाही. दादा ओठांतल्या ओठांत मोजत होता, चाळीसला आवाज म्हणाला, "तयार."

पाच वाजता मी अध्यक्षांना फोन केला. "ओळ काढलीय. तिच्यामागचं तसंच ठेवलंय, आणि ते का, हे उद्या तुमच्यासमोर बसून सांगेन." ते सगळं ऐकून घ्यायला दुसऱ्या दिवशी ते स्वतः वाचनालयात आले, आणि जाताना इस्पितळाचा पत्ता लिहून घेऊन गेले.

आक्कांना आम्ही कळवलं की आम्हाला कळलंय. कंडक्टरांवर शपथ मोडल्याचा ठपका येऊ नये, म्हणून चिमटाने तिचा तर्क मला कागदावर लिहून दिला आणि मी तो इस्पितळात वाचून दाखवला. आक्कांच्या गळ्याला पट्टी होती. त्यांनी पाटीवर लिहिलं, "ही पोरगी कोण? तिला माझ्याकडे घेऊन ये." चिमटा गेली तेव्हा आक्कांनी तिचे दोन्ही हात आपल्या गालांना लावून ठेवले, बराच वेळ. चिमटा जिन्याखालच्या दुकानात परतली आणि त्या दिवशी तिने आणखी एकही काम घेतलं नाही.

दीड महिन्याने आक्का वाचनालयात आल्या. गळ्याभोवती निळा रुमाल, हातात छोटा टॅब. कंडक्टरांच्या सूनबाई सोबत होत्या. उरलेली सत्तावीस वाक्यं नसली तरी काम भागलं, असं त्यांनी सांगितलं. आक्का दादासमोर बसल्या आणि बोटांनी टाइप केलं.

"कसा वाटतो आवाज? खरं सांग."

आवाज आक्कांचाच होता. माझे डोळे भरून आले, अण्णा तर व्हरांड्यात निघून गेले. दादाने मान तिरकी करून दोन-तीन वाक्यं ऐकली.

"आवाज तुमचा आहे," तो म्हणाला. "श्वास नाही."

सूनबाई वरमल्या. आक्का मात्र त्याच्याकडे रोखून बघत राहिल्या.

"बोलण्याआधी तुम्ही एक लहानसा श्वास घेता, आक्का. बावीस वर्षांतली बारा वर्षं मी तो पुस्तकांतून कापून टाकत आलोय, कामच आहे माझं ते. मी शिकत होतो तेव्हा तुमच्या कॅसेट ऐकायचो. त्यांत तो असायचा. माझी परीक्षेची सगळी पुस्तकं तुमच्या त्या श्वासासकट पाठ झालीत. मला आठ दिवस द्या."

आठ दिवस तो जेवणाच्या सुट्टीतही घरी गेला नाही. न कापलेली जुनी ध्वनिमुद्रणं काढून तो एकेक श्वास वेचत होता. कंडक्टर त्याला डबा आणून देत आणि दाराबाहेर, खिशातला पंच माझ्याकडे ठेवून, मुकाट्याने बसत. साठ श्वास निघाले. लहान, मोठे, हसण्याआधीचे, रागावण्याआधीचे. सूनबाईंनी ते आवाजात बसवले.

पुढच्या मंगळवारी आक्का पुन्हा आल्या. टाइप करायला त्यांना जरा वेळ लागला. मग त्या छोट्या यंत्राने आधी हलकासा श्वास घेतला.

"दादा," ते म्हणालं, "बाळा, माझ्यासाठी किती केलंस."

दादा उठला, आणि आवाज आला त्या दिशेला वाकून त्याने नमस्कार केला. आक्कांनी टॅब बाजूला ठेवला आणि त्याला जवळ ओढून घेतलं.